यात्रेचा बेत आणि कास्तकार

पुंजणे मोडून धान घरात आले, तणशीचे ढीग गोठ्याशेजारी रचून झाले आणि बांधीत उतेऱ्याची लाखोळी फुलावर आली म्हणजे आमच्या ह्या झाडीच्या मुलखात यात्रेच्या गोष्टी निघू लागतात. माघ वद्य चतुर्दशीस वैनगंगेच्या काठी मार्कंडा आणि तिकडे दक्षिणेस चपराळा. पुढे चैत्रात चंद्रपूरची महाकाली. आणि बारा वर्षांनी एकदा सिरोंच्यास प्राणहितेचा पुष्कर. ह्यांपैकी कोठे ना कोठे जाण्याचा बेत बहुतेक घरी होतोच. परंतु तो बेत म्हणजे बहुधा आदल्या रात्रीची घाई असते. शेजारचा निघाला म्हणून आपण निघावयाचे, पैसा हाती नाही म्हणून कोणाकडून तरी उचलावयाचा, आणि जी गाडी दारापुढे उभी राहील तीत पोराबाळांसह चढून बसावयाचे, अशी आमची रीत आहे. जो कास्तकार पऱ्हे टाकण्याचा दिवस नक्षत्र पाहून ठरवितो, रोवणीस किती बाया लागतील ह्याचा हिशेब महिनाभर आधी करितो, तोच यात्रेच्या बाबतीत असा निष्काळजी व्हावा हे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून ह्या विषयावर दोन शब्द लिहीत आहो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करितो. यात्रेस जाऊ नये असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. यात्रा म्हणजे वेळेचा व पैशाचा नाश, असे म्हणणारे शहाणे लोक पूर्वी होते व आताही आहेत. त्यांचे म्हणणे ज्यास बारमाही सुट्या आहेत त्यास शोभेल. मृगापासून मळणीपर्यंत जो माणूस चिखलात व दंवात राबला, ज्याच्या घरच्या बाईने रोवणीत व निंदणीत कंबर वाकविली, त्यांनी वर्षातून दोन दिवस देवाच्या दारी काढिले तर त्यात नाश कसला? दूर दिलेल्या लेकी-बहिणी यात्रेत भेटतात, सोयरिकी जमतात, मोडलेले संबंध पुन्हा जुळतात. शिवाय मार्कंड्याचे स्थान पाहण्याजोगेच आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळसा घेऊन उत्तरवाहिनी झाली आहे, आणि तिच्या काठी दगडी देवळांचा असा समूह उभा आहे की त्यास लोक विदर्भाचे खजुराहो म्हणतात. अलेक्झांडर कनिंगहॅम ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील आपल्या दौऱ्यात ह्या देवळांची सविस्तर नोंद केली. विजा, पाऊस व काळ ह्यांनी त्यांपैकी कित्येकांची पडझड केली, तरी जे उरले आहे ते आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे असेच आहे. तेव्हा जावे अवश्य; प्रश्न आहे तो कसे जावे ह्याचा.

बेताची पहिली बाब दिवसांची. महाशिवरात्र तिथीप्रमाणे येते व शेताची कामे ऋतूप्रमाणे चालतात, त्यामुळे दोहोंचा मेळ दरसाल निराळा असतो. २०२५ साली ही तिथी २६ फेब्रुवारीस होती, २०२६ साली १५ फेब्रुवारीस, आणि मध्ये अधिक मास पडल्याने २०२७ साली ६ मार्चास. म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ तीन आठवड्यांचे अंतर पडले. तिथी लवकर आली तर लाखोळी व हरभरा अजून हिरवा असतो, आणि ज्यांनी उन्हाळी धान लाविले त्यांची रोवणी व पाण्याची पाळी चालू असते. तिथी उशिरा आली तर हरभरा, जवस व लाखोळी काढणीस येऊन उभी असते आणि मोहफूलही गळू लागते. म्हणून पंचांग हाती येताच तिथी पाहावी व त्या आठवड्यात आपल्या शेतात कोणते काम असेल ते लिहून ठेवावे. कापणी दोन दिवस आधी उरकावी की यात्रा मुख्य दिवसानंतर करावी, हे महिनाभर आधी ठरविता येते. मार्कंड्याची यात्रा एका दिवसात संपत नाही. मुख्य दिवशी रांगेत उभे राहून देवाचे ओझरते दर्शन घेण्यापेक्षा दोन दिवसांनी जाऊन शांतपणे पूजा करणे ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसे व लहान मुले आहेत त्यांस अधिक बरे.

चैत्रातील महाकालीच्या यात्रेस निराळाच विचार लागतो. ह्या यात्रेस नांदेडकडील व तेलंगणातील भाविकही मोठ्या संख्येने येतात. चंद्रपूरचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे; चैत्र सरता सरता दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. तेव्हा पहाटे निघून दहाच्या आत दर्शन उरकावे, पाण्याचे भांडे प्रत्येकाने आपापले घ्यावे, आणि दुपार सावलीत काढून उन्हे उतरल्यावर परतावे. २०२२ साली १३ ते २४ एप्रिल ह्या दिवसांत सिरोंच्यास पुष्कर झाला तोही असाच भर उन्हात. गुरू मीन राशीस येतो तेव्हा हा योग येत असल्याने तो पुन्हा यावयास बारा वर्षे लागतात. पुढच्या वेळी जे जातील त्यांनी उन्हाची गोष्ट विसरू नये.

दुसरी बाब पैशाची. आमच्या मते कर्जाने केलेली यात्रा देवास पावत नाही, आणि पावली तरी सावकारास अधिक पावते. समजा पाच माणसांच्या कुटुंबास प्रवास, पूजा, खाणेपिणे व मुलांची हौस मिळून चार हजार रुपये लागतात. ही रक्कम खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा पाच रुपयांनी काढिली तर नुसते व्याजच महिन्यास दोनशे रुपये होते. दिवाळीपर्यंतच्या नऊ महिन्यांत ते अठराशे रुपयांवर जाते. दुसरा मार्ग पुष्कळांचा असतो तो हा की, यात्रेस रोकड हवी म्हणून खरेदी-केंद्रावरील चुकाऱ्याची वाट न पाहता धान व्यापाऱ्यास घालावयाचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलास २३६९ रुपये ठरला. घाईत ते १९०० रुपयांनी दिले असे धरल्यास दहा क्विंटलांमागे ४६९० रुपये बुडाले. म्हणजे एक यात्रा झाली आणि दुसऱ्या यात्रेचा पैसा व्यापाऱ्याच्या गल्ल्यात गेला. चुकारे उशिरा मिळतात ही तक्रार खोटी नाही, आणि तिची दाद सरकारने घेतलीच पाहिजे. परंतु उशीर होतो हे माहीत असता त्याच पैशावर यात्रेचा बेत बांधणे शहाणपणाचे नव्हे.

ह्याहून वाईट प्रकार म्हणजे पीककर्जाच्या परतफेडीसाठी बाजूस काढिलेला पैसा यात्रेत मोडणे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते. एकदा मुदत चुकली की ती सवलत गेली, आणि पुढच्या मृगास नवे कर्ज मिळण्याचीही अडचण. ह्यावर उपाय सोपा आहे. आषाढापासून माघापर्यंत आठ महिने दरमहा पाचशे रुपये वेगळ्या खात्यात टाकीत गेल्यास चार हजार आपोआप उभे राहतात. ज्यांस पाचशे जड त्यांनी तीनशे टाकावे व दोन वर्षांनी एकदा जावे. दरसाल गेलेच पाहिजे असा देवाचा आग्रह नाही.

खर्चात काटकसर करावयाची ती योग्य जागी करावी. एस. टी. च्या गाड्यांत २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस निम्मे भाडे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस २०२२ पासून भाडेच नाही, आणि ६५ ते ७५ वयाच्या माणसांस निम्मे. म्हातारी आई, पत्नी, सून व मुलगी ह्यांस घेऊन जाणाऱ्याने हा हिशेब केल्यास खाजगी मोटारीपेक्षा सरकारी गाडी किती स्वस्त पडते ते कळून येईल. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड मात्र बरोबर असू द्यावे. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी यात्रेच्या निमित्ताने आडमार्गाने पेला शोधणारे निघतातच. त्यांचा खर्च कोणत्याही हिशेबात बसत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तिसरी बाब मागे राहणाऱ्या घराची व शेताची. जंगलालगतच्या गावी जागल एक रात्र चुकली तरी रानडुकरांचा कळप हरभऱ्याचा चुराडा करून जातो. अशी नासाडी झाल्यास वनखात्याकडे तीन दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, हे पुष्कळांस माहीत नसते. चार दिवसांच्या यात्रेहून परत येऊन अर्ज लिहावयास बसणाऱ्याची मुदत टळलेली असते, आणि मग कचेरीत कितीही विनवणी केली तरी कागद पुढे सरकत नाही. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले, आणि मुदतीनंतर आलेल्या अर्जाचे काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून गावाने दोन पाळ्या कराव्यात. अर्धी घरे पहिल्या तीन दिवसांत जावीत व अर्धी नंतरच्या तीन दिवसांत. जे मागे राहतील त्यांनी गेलेल्यांच्या शेतावर जागल करावी, गुरांस चारा-पाणी करावे, आणि नुकसान दिसल्यास लगेच फोटो काढून अर्ज करवून घ्यावा. पाळ्या बदलल्या की कोणाचे कोणावर ऋण राहत नाही. पूर्वी गावगाडा असाच चालत असे. आता प्रत्येक जण आपल्यापुरते पाहू लागल्याने हे सांगावे लागते.

चौथी बाब वाहनाची, आणि येथे आम्हांस आमच्या जमीनधारक वाचकांशी जरा कडक बोलावयाचे आहे. पूर्वी रेंगी व खासरे जोडून लोक यात्रेस जात. प्रवासास दोन दिवस लागत, परंतु बैल फार तर वाटेत अडत, उलटून पन्नास माणसांचा जीव घेत नसत. आज त्यांची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली आहे. चाळीस-पन्नास माणसे, त्यांत निम्मी बायका-मुले, खाली तणस व वर ताडपत्री, अशी ट्रॉली रात्रीच्या अंधारात भरधाव जाते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या लोकांची अशीच एक ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण दगावले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. शेतमालाच्या ट्रॉलीत माणसे वाहून नेणे कायद्यास मान्य नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी आपली जबाबदारी नाकारू शकते, आणि मग भरपाईचा बोजा ट्रॅक्टरच्या मालकावर, म्हणजे त्याच्या सात-बाऱ्यावर, येऊन पडतो. शेजाऱ्यांनी गळ घातली, नाही म्हणवले नाही, असे मालक सांगतात. ज्यास शेजाऱ्याच्या मुलांची खरी काळजी आहे त्याने अशा वेळी नाही म्हणावे. तीस-चाळीस माणसांची यादी करून आगाराकडे आठ-पंधरा दिवस आधी अर्ज केला तर यात्रेच्या जादा गाड्यांची विचारपूस करिता येते. ती यादी करावयास एक कागद व एक संध्याकाळ पुरे.

जे पायी जातात त्यांनी पहाटेच्या अंधारात व दिवेलागणीनंतर जंगलातील वाट धरू नये. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. वाघास यात्रेकरू व मजूर ह्यांतील भेद कळत नाही. दहा-वीसांच्या घोळक्याने, बोलत, डांबरी सडकेने व दिवसाउजेडी चालावे.

आता नदीविषयी. मार्कंड्यास येणाऱ्या यात्रेकरूंचा एक मोठा भाग चंद्रपूर जिल्ह्याच्या बाजूने, वैनगंगेच्या पलीकडून येतो, आणि अलीकडच्या काठावरील लोकही पर्वणीचे स्नान नदीतच करितात. नदी आपल्या ओळखीची आहे असा प्रत्येक काठच्या माणसाचा समज असतो. परंतु जिच्यावर बंधारे बांधले गेले, जिची वाळू उपसली गेली, ती नदी आपल्या आजोबांच्या ओळखीची राहिलेली नाही. जेथे माघात गुडघाभर पाणी असे तेथे आता पुरुषभर डोह असू शकतो. २०२५ च्या महाशिवरात्रीस चंद्रपूर जिल्ह्यात स्नानास उतरलेल्यांपैकी काही जण वैनगंगेत व काही वर्धेत बुडाले. पुण्याच्या इच्छेने गेलेल्यांच्या घरी त्या रात्री चूल पेटली नाही. स्नान घाटावर, दोर बांधलेल्या जागी, गुडघाभर पाण्यात करावे. तांब्याने अंगावर घेतलेले पाणीही गंगेचेच असते. मुलांचा हात सोडू नये. नावेत माणसे मोजून घ्यावीत, आणि नावाडी अधिक भरू लागल्यास आपण उतरून दुसऱ्या खेपेची वाट पाहावी.

येथेच आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते सांगतो. यात्रेच्या दिवसांत नदीवर बंदोबस्त असतो. आम्ही नोकरीत असता यात्रेच्या बंदोबस्ताच्या याद्या आमच्या हातून लिहिल्या गेल्या: नावा किती, नावाडी कोण, पोहणारे कोण, कोणाची पाळी कोठे. सरकार मनावर घेते तेव्हा ही व्यवस्था होते, हे आम्हांस पक्के माहीत आहे. परंतु यात्रा उठली की ती व्यवस्थाही उठते. वर्षाचे उरलेले दिवस त्याच नदीतून माणसे जात-येत असतात, ती देवासाठी नव्हे, मजुरीसाठी. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथील बाया वैनगंगा ओलांडून पलीकडे मिरची तोडावयास निघाल्या होत्या. नाव उलटली व सहा जणी बुडाल्या. महाशिवरात्र तेव्हा दीड महिन्यावर आली होती.

ह्या सहा बाया कोणाच्या तरी मिरचीच्या रानात निघाल्या होत्या. ते रान आमच्यासारख्या एखाद्या कास्तकाराचेच असणार. त्या कास्तकारास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नदीपलीकडून मजूर आणण्याची रीत दोन्ही काठांवर जुनी आहे. परंतु जो धनी मजुरांच्या हातून हजारो रुपयांची मिरची तोडून घेतो त्याने त्यांच्या येण्याजाण्याची काळजी वाहू नये काय? आपल्या मुलास यात्रेच्या नावेत बसविताना आपण चार वेळा पाहतो की नाव फुटकी तर नाही, माणसे जास्त तर नाहीत. मजुरणी डोंग्यात बसतात तेव्हा आपण काठावर मात्र नसतो. तरंगते जाकीट काही सोन्याचे नसते. दहा कास्तकारांनी वर्गणी केली तर एका नावेपुरती जाकिटे सहज येतील व वर्षानुवर्षे टिकतील. जेथे पूल होणे आहे तेथे पुलाची मागणी करावी, पण पूल होईपर्यंत माणसे बुडू द्यावीत असे कोठे लिहिले आहे?

यात्रेस कोण जातो हाही प्रश्न ह्यातूनच निघतो. धनी जातो, धनीण जाते, मुले जातात. सालगडी गोठा सांभाळावयास राहतो. त्याच्या बायकोने वर्षभर आपल्या घरी शेणगोठा केला असतो, तिलाही मार्कंड्यास नवस फेडावयाचा असतो. वर आम्ही ज्या दोन पाळ्या सुचविल्या त्यांत सालगड्याचे कुटुंब धरिले जावे, त्या दिवसांची मजुरी कापली जाऊ नये, आणि जमल्यास हातखर्चास काही द्यावे. तसेच घरच्या स्त्रियांविषयी. पहाटे तीनला उठून सर्वांची शिदोरी बांधणारी, यात्रेत मुले सांभाळणारी व परत येताच चूल पेटविणारी स्त्री यात्रेस गेली असे म्हणवत नाही. तिने जागा बदलून तेच काम केले. शिदोरी पुरुषांनी उचलावी व परतल्याच्या दिवशी स्वयंपाक मागे राहिलेल्या शेजारघरी व्हावा, एवढे ठरविले तरी तिला दोन घटका देवळाच्या ओट्यावर निवांत बसावयास मिळेल.

ह्या सर्व गोष्टी एकेकट्याने होण्यासारख्या नाहीत, म्हणून आमची आपल्या संस्थेच्या सभासदांस पुढीलप्रमाणे सूचना आहे. दरसाल पौष महिन्यात प्रत्येक गावी सभासदांची एक बैठक भरावी. तीत यात्रेस जाणाऱ्यांची यादी, दोन पाळ्या, जागलीची वाटणी व गाडीचा अर्ज ही चार कामे व्हावीत. ट्रॅक्टर बाळगणाऱ्या सभासदांनी ट्रॉलीत यात्रेकरू न नेण्याचा ठराव सह्यांनिशी करावा, म्हणजे कोणा एकावर वाईटपणा येणार नाही. यात्रा-ठेवीचे खाते उघडावे व त्याचा हिशेब बैठकीत वाचून दाखवावा. आणि नदीकाठच्या गावांनी नावेची तपासणी, माणसांची मर्यादा व जाकिटे ह्यांची व्यवस्था केवळ यात्रेपुरती न ठेवता तोडणीच्या व रोवणीच्या सर्व दिवसांत चालू ठेवावी. त्याचा खर्च मजूर आणणाऱ्या कास्तकारांनी एकराप्रमाणे वाटून घ्यावा. तहसील कचेरीकडे ह्याबद्दल अर्ज करावयाचा झाल्यास तो गावाच्या नावाने व ठरावाची नक्कल जोडून करावा. एका माणसाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. शंभर सह्यांचा अर्ज आवक-बारनिशीत चढतो व त्याचे उत्तर द्यावे लागते.

कोणी म्हणेल, देवाच्या यात्रेत एवढा कारकुनी हिशेब कशास हवा. जो बोलावतो तो सांभाळतो. श्रद्धेविरुद्ध बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु हाच भाविक बांधीत पाणी साचावे म्हणून पाऊस देवावर सोपवितो आणि पार मात्र स्वतः बांधतो. फुटका पार ठेवून पावसास दोष देणारा कास्तकार आम्ही अद्याप पाहिला नाही. यात्रेच्या बेतासही तेवढीच काळजी पुरे आहे. येत्या पौषात निदान दहा-पाच गावांनी तरी बैठक भरवावी आणि तेथे काय ठरले ते ह्या मासिकाकडे लिहून पाठवावे. कोणत्या गावाने नावेची व्यवस्था मिरचीची तोडणी संपेपर्यंत चालू ठेविली, हे त्यात वाचावयास मिळाले तर आमचा हा लेख लिहिण्याचा हेतू सफळ झाला असे आम्ही समजू.